‘वि’ आणि ‘बा’

८ सप्टेंबर, सोमवार

सान्वी, पोट कसं आहे? — बरं. रुचिता, डोकं? — ठीक. आई, दम? — पायरी चढले की लागतो, बसले की जातो. बाबा, गुडघा? — जागेवर आहे.

ही आजची हजेरी. यापुढे रोज सकाळी सातला, शिट्टी वाजली की. आमच्या कौस्तुभने ऑफिसतर्फे दोन दिवसांचं आपत्तीचं शिबिर केलं. मुलगा म्हणून गेला आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला साहेब होऊन आला. चाळीस वर्षांचा बाप्या, काशीमिऱ्याच्या गोदामात सुपरवायझर, आणि स्वयंपाकघरात शिट्टी फुंकतो! सून रुचिता आणि सात वर्षांची सान्वी रांगेत उभ्या. मीही उभी. हे खुर्चीतच. ह्यांच्या “जागेवर आहे”ची नोंद वहीत झाली — “गुडघा: माहिती अपुरी.”

दाराशी एक पिशवी टांगली आहे. टॉर्च, दोरी, चणे, आधारकार्डांच्या झेरॉक्स, माझी बीपीच्या गोळ्यांची पट्टी. पिशवीला संकट आल्याशिवाय हात लावायचा नाही. मी म्हटलं, अरे, ती गोळी मला रोज लागते. तर म्हणाला, रोजची वेगळी आण.

आणली.

१० सप्टेंबर, बुधवार

मागच्या पडवीत तीन निळे ड्रम आले. कौस्तुभने मार्करने एकेक अक्षर लिहिलं — पि, वा, आ. पूर्ण का लिहीत नाहीस, विचारलं. म्हणाला, आई, संकटात वाचायला वेळ नसतो.

त्याचं म्हणणं असं होतं: पिण्याचं, वापराचं, आणीबाणीचं. पण हे त्याने सांगितलं संध्याकाळी. तोवर दिवस निघून गेला होता. पक्ष पंधरवडा चालू — मला वाटलं, ‘पि’ म्हणजे पितरांचं. पोराला एवढी आठवण आहे बघून डोळे भरले माझे. वर तुळशीचं पान ठेवलं आणि सान्वीला बजावलं, त्यातलं पिऊ नकोस. ‘वा’ म्हणजे वासंती, म्हणजे माझं, हे तर उघडच होतं. ‘आ’ म्हणजे आत्माराम — हे स्वतःच म्हणाले, माझ्या नावाचं दिसतंय, आणि त्यात टमरेल बुडवून निवांत पाय धुतले.

कौस्तुभने कपाळावर हात मारला. आणीबाणीचं पाणी ओतलं, ड्रम घासला, पुन्हा भरला. आता ‘आ’ला कुणी हात लावायचा नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पाण्याची परीक्षा! दोन छोट्या बाटल्या आणल्यात. आत कसलासा कागद. रेघेपर्यंत पाणी भरायचं आणि दोन दिवस उबेला, अंधारात ठेवायचं. काळं पडलं तर पाणी वाईट. एका बाटलीत विहिरीचं, दुसरीत ईश्वर आणून टाकतो त्या निळ्या जारचं. नळाचं नंतर बघू म्हणाला.

कौस्तुभची बस सुटत होती. मी दळणाला गेलेली. तेव्हा चंपा आमच्या विहिरीवर हंडा भरत होती, तिच्या हातात बाटल्या आणि चिकटपट्ट्या दिल्या — दोन्ही भर आणि एकेक अक्षर लिहून ठेव. चंपा इथली, घोडबंदरची मूळची. माझ्याच वयाची. साठीत प्रौढांच्या वर्गाला जाऊन अक्षरं शिकली, तेव्हापासून लिहायला सांगितलं की तिला लुगडं घेतल्यागत होतं. भरल्या, लिहिलं, आणि दुपारच्या बसने लेकीकडे उत्तनला गेली.

बाटल्या देवघराखालच्या कपाटात आहेत. ऊब आणि अंधार तिथेच. ह्यांनी संध्याकाळी दिवा लावला आणि सवयीने त्यांनाही नमस्कार केला.

१४ सप्टेंबर, रविवार

शिट्टी. सगळे देवघरासमोर. कपाट उघडलं.

एक बाटली होती तशीच. तिच्यावर ‘बा’. दुसरी काळी कुळकुळीत, तव्याच्या बुडासारखी. तिच्यावर ‘वि’.

कौस्तुभ हळू म्हणाला, “वि. विहीर.” आणि ‘बा’ म्हणजे बाटलीचं, म्हणजे जारचं. ते पास.

हे उठले. काठी न घेता गेले विहिरीवर. बादली सोडली, ओढली, ओंजळीने प्यायले. मग आणखी एक ओंजळ. मग आत येऊन पेपर उघडला.

विहीर ह्यांनी स्वतः खणली आहे. गॅरेजमधून सुटले की चहा घ्यायचे आणि खाली उतरायचे. दोन उन्हाळे. सत्तावीस फूट. टोपली मी वरून ओढायची, कौस्तुभ तिथेच आंब्याला टांगलेल्या झोळीत. म्हणजे विहीर आणि तो एकाच वयाची भावंडं. आज त्याने तिची ‘धोकादायक स्रोत’ म्हणून वहीत नोंद केली आणि म्हणाला, बुजवून टाकू. सान्वी लहान आहे, आणि पुरात तर गावचं सगळं गटार तिच्यात येईल.

त्याच्या डोळ्यांत लेकीची काळजी होती, हे मी पाहिलं. ह्यांनी पाहिलं का, माहीत नाही. पेपर आडवा होता.

रुचिता म्हणाली, पक्षात नको हो काही सुरू करायला. कौस्तुभ म्हणाला, शुभ काम करायचं नसतं. विहीर बुजवणं शुभ आहे का? नाही. मग पक्षातच करायला हवं. शनिवारी डंपर येणार, चाळ पाडलेल्याचं डेब्रिज घेऊन.

१५ सप्टेंबर, सोमवार

हजेरी. हे: “उत्तम.” बाकीचे ह्यांच्याकडे बघत बसलेले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सगळे जारचं पितात. हे एकटे विहिरीचं.

आजची हजेरी: सान्वी — चार वेळा. रुचिता — तीन. कौस्तुभ — आतूनच बोलला, शिट्टी बाहेर खुंटीला. हे — “उत्तम. आणखी एक भाकरी आहे का?”

ह्यांच्या पोटावर घराचा पहारा आहे. सकाळी हे संडासाकडे निघाले की कौस्तुभ घड्याळ बघतो. बाहेर आले की विचारतो, बाबा, कसं झालं? हे म्हणतात, सुबक.

कौस्तुभचं म्हणणं, भांडी विहिरीच्या पाण्याने धुतो म्हणून आम्ही आजारी. आणि बाबांना त्या जंतूंची चाळीस वर्षांची ओळख, म्हणून त्यांना काही करत नाहीत. बोलायला गेलं तर उत्तर तयार!

माझं? फक्त तुला सांगते, वही. लेकासमोर मी जारचं पिते, ह्यांच्यासमोर विहिरीचं. दोघांनाही वाटतं, मी त्यांच्या बाजूची. पोट अर्धं बिघडलं आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

वरसावेला कुठेतरी खोदताना पाइप फुटला म्हणतात. नळ कोरडे. ईश्वरचा टेम्पोही आला नाही. घरात पाच माणसं, त्यांतली तीन संडासाच्या रांगेत, आणि ‘पि’ रिकामा, ‘वा’ रिकामा.

मी ‘आ’चं झाकण धरलं तर कौस्तुभ भिंतीला धरून आला. “आई, ते आणीबाणीसाठी आहे.”

“मग ही काय आहे?”

“ही टंचाई आहे.”

पोटावर हात धरून सांगत होता लेकरू. मला हसू आवरेना आणि वाईटही वाटलं.

दुपारपर्यंत अख्खी आळी आमच्या आवारात. बादल्या, कळशा, एकाने तर कुकर आणला. हे सदऱ्याच्या बाह्या सारून पाणी ओढून देत होते, शहात्तर वर्षांचा माणूस! मध्येच चंपा आली, उत्तनहून परतलेली, डोक्यावर हंडा. “आखा गाव तुमचे बावीवर हाय आज,” म्हणाली आणि रांगेत घुसली. कौस्तुभ पडवीतून ओरडत होता — फक्त वापरायला, प्यायला नाही! सगळे माना डोलवत होते आणि पीत होते.

संध्याकाळी ह्यांच्या पायांना तेल लावलं. म्हणाले, चाळीस वर्षांत पहिल्यांदा एवढी माणसं आली तिच्याकडे. शनिवारी बुजायची ती.

मी तेल लावत राहिले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

कौस्तुभ पहाटे शिबिराच्या दुसऱ्या भागाला गेला, गोळ्या खाऊन. जाताना कठड्यावर पाटी लावून गेला — ‘वि – धोका’.

‘आ’चं झाकण उघडून पाहिलं. आणीबाणीच्या पाण्यात डासांची पिल्लं पोहत आहेत. कौस्तुभला कळवलं नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आधी हे लिहून ठेवते.

चंपा हंड्याला आली. पाटी बघितली, हंडा खाली ठेवला. म्हणाली, हा काय लिवलाय? मी सगळं सांगितलं — बाटल्या, काळी ‘वि’, उद्याचा डंपर. ती ऐकत राहिली. मग म्हणाली,

“वि म्हंजे विकतचा. जारचा पानी.”

मग ‘बा’?

“बा म्हंजे बाव. तुमची बाव. ती कुठं काली झाली?”

बाव! पन्नास वर्षं या गावात काढली, रोज तिच्या तोंडून ऐकते — बावीवर जाते, बावीवरून येते. परवासुद्धा ऐकलं. आणि बाटलीवर लिहिलेलं वाचताना आम्ही शहाणे बाटलीच वाचत बसलो! म्हटलं, बाई गं, सांगायचं नाही का? तर पदर खोचत म्हणाली, “मना कोनी इचारला न्हाय.”

म्हणजे सान्वीच्या चार, रुचिताच्या तीन, कौस्तुभचं ते सगळं — जारचं. रुचिताने ऐकलं, उठली आणि अर्धा जार तुळशीत ओतला. मग तुळशीची माफी मागितली. टोपभर विहिरीचं पाणी उकळायला ठेवलं.

कौस्तुभला फोन लागत नाही. शिबिरात फोन काढून घेतात म्हणे, संकटाची सवय व्हावी म्हणून; सकाळी दोन मिनिटं देतात तेवढंच. मी मेसेज लिहिला, चष्मा लावून, एकेक अक्षर शोधत: “वि म्हणजे विकतचं. बा म्हणजे बाव म्हणजे विहीर. विहीर पास आहे. डंपरला नको सांग.”

ह्यांना सांगितलं. माळ्यावरून रद्दीचे गठ्ठे काढायला लागले. विचारलं, कशाला? म्हणाले, उद्या वाचायला.

२० सप्टेंबर, शनिवार

साडेआठला डंपर फाटकात. हे सातपासून विहिरीच्या कठड्यावर. शेजारी रद्दीचे चार गठ्ठे, हातात मार्च महिन्याचा पेपर.

ड्रायव्हर भला माणूस. “चाचा, हटिए ना.”

“पेपर झाला की.”

“कितना बाकी है?”

ह्यांनी गठ्ठ्यांकडे बोट केलं.

रुचिताने त्याला सांगितलं, काम रद्द आहे. तो म्हणाला, मॅडम, जिसने बुलाया वो मना करेगा तो जाऊंगा, नहीं तो शेठ मेरे को छोड़ेगा नहीं. त्यालाही घर असेल. मी त्याला पाणी दिलं, उकळून गार केलेलं. दोन तांबे प्यायला, तिसरा मागितला. “मीठा है,” म्हणाला, आणि स्वतःच वरमून डंपरकडे बघायला लागला.

साडेनऊला कौस्तुभचं उत्तर आलं. सगळे माझ्या फोनभोवती. उत्तर एकच अक्षर —

बा

रुचिता म्हणाली, बास असेल, म्हणजे डंपर बास. मला वाटलं, बाव — समजलं असं म्हणतोय. सान्वी म्हणाली, बाहुली. तेवढ्यात ईश्वर टेम्पोतून जार घेऊन आला, त्यानेही डोकावलं. “बा तो मम्मीने कहेवाय,” म्हणाला. त्याच्या गुजरातीत बा म्हणजे आई. आई म्हणेल तसं, असा अर्थ निघतो. मग त्याला जारची हकीकत कळली आणि तो जार खांद्यावर घेऊन गुपचूप मागे फिरला.

ड्रायव्हरने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. “बा... बाद में. साहब बोल रहा है बाद में.” आणि सुटल्यासारखा हसला. डंपर मागे घेताना जास्वंदीची एक फांदी मोडली, तेवढंच नुकसान.

पण बाद में म्हणजे काय? उद्या? परवा? हे जागचे हलले नाहीत. जेवण तिथेच नेलं. मार्च संपून एप्रिल सुरू झाला. ऊन उतरलं तसं मी पुन्हा लिहिलं — “कौस्तुभ, इकडे सगळ्यांची पोटं बरी आहेत. तुझं कसं आहे? बा म्हणजे काय? बाबा उठत नाहीत. बाळा, पूर्ण लिही. लवकर लिही.”

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री

उत्तर आलं. पूर्ण. “बा म्हणजे बाबा. विहीर त्यांची आहे, मी आधी त्यांनाच विचारायला हवं होतं. ते म्हणतील तसं.”

ह्यांना कठड्यापाशी जाऊन वाचून दाखवलं. ऐकलं. पेपरची घडी केली. ती उलगडली, पुन्हा केली. मी हजेरी घेतली — कसं वाटतंय? आठवडाभरात पहिल्यांदा “उत्तम” म्हणाले नाहीत. म्हणाले, “पाठ गेली गं. उठव मला.”

उठवलं. म्हणाले, त्याला उत्तर लिही. मी चष्मा लावला, काय लिहू?

“ये.”

म्हटलं, एकच अक्षर? पुढे काय जोडू?

“काही नको. पूर्ण आहे ते.”