पूर्वेकडचा दरवाजा

२ मार्च २०२५, रविवार
उशिरा लिहायला बसल्याबद्दल माफी. कोणाची मागतोय ते नक्की ठाऊक नाही, पण डायरी एक जानेवारीपासूनची आणि आज मार्च उजाडला, म्हणजे कोणाची तरी मागायला हवी. सून संचिताने आणून दिली. म्हणाली, बाबा, मनातल्या मनात कुढत बसता, त्यापेक्षा लिहीत जा. मी सातवी नापास. पण अक्षर चांगलं आहे. खोपटच्या एसटी डेपोत स्टोअरला होतो तेव्हा साहेब सगळ्या पाट्या माझ्याकडून लिहून घ्यायचे.
संकल्प : रोज लिहायचं. खरं तेवढंच लिहायचं.
आज मी आणि शेजारचा सखाराम टाऊनशिप बघून आलो. शीळफाट्याच्या पुढे आहे. नाव इंग्रजी आणि लांबलचक, म्हणून इथे नुसतं टाऊनशिप लिहीन. बिल्डरची फुकट बस असते, जेवणाचं कूपनही मिळतं. आमचा हा पाचवा रविवार. घर दोघांचेही मुलगे घेणार, माझा सूरज आणि त्याचा सिद्धेश. पण नीट बघायला माणसं अनुभवी लागतात. सखाराम अनुभवाने दोनदा श्रीखंड घेतो. सेल्सवाला प्रीतम आता आम्हाला लांबून बघितलं की फोन कानाला लावतो.
सॅम्पल फ्लॅटमध्ये आतल्या खोल्यांना दरवाजेच नाहीत. सखाराम तिथल्या बेडवर आडवा झाला तर पाय बाहेर. प्रीतम म्हणाला, काका, ये सिर्फ आयडिया के लिए है. सखारामने विचारलं, मग झोपायचं कुठे?

९ मार्च, रविवार
ठरलं. अकरावा मजला, चार नंबर आणि पाच नंबर, शेजारी शेजारी. एक्केचाळीस वर्षं चाळीत एका भिंतीला दोघं राहिलो. सखारामशिवाय मी कुठेही जाणार नाही, हे मी सूरजला स्पष्ट सांगितलेलं आहे.
एकच अडचण. चारचा दरवाजा पूर्वेला, पाचचा दक्षिणेला. बसमध्ये येताना सखारामने खिडकीबाहेर बघत सांगितलं की लग्नानंतर ते कळव्याला राहायचे, त्या खोलीचा दरवाजा दक्षिणेला होता. पहिला मुलगा तिथे गेला, सात महिन्यांचा. त्याची बायको शकूवहिनी, त्या तेव्हापासून दक्षिणेच्या दारात पाऊल टाकत नाहीत. एवढी वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं.
मी मनात लगेच ठरवलं, चार नंबर सखारामचा. मोठेपणा कधीतरी दाखवायला पाहिजे. उद्या सकाळी चहाला सांगतो.

१२ मार्च, बुधवार
सांगितलं नाही. कारणं आहेत. एक, बायकोला, म्हणजे मालनला, गुडघ्यासाठी सकाळचं ऊन हवं. (ती पापडांना ऊन हवं म्हणाली. ऊन तेच.) दोन, चाळीत कोपऱ्याची खोली सखारामची. एक्केचाळीस वर्षं वारा त्याने खाल्ला, मी कधी चकार शब्द काढला नाही. आज पहिल्यांदाच काढतोय, तोही डायरीत.
आणि सखारामनेच सांगितलं की भांडण नको, आपल्या देवीसमोर चिठ्ठ्या टाकू. आमच्या दोघांची गावं शेजारची, देवी एकच. म्हणजे आता विषय देवीकडे गेला. मध्ये मी मोठेपणा दाखवला तर तिच्या कामात ढवळाढवळ होईल.

१६ मार्च, रविवार
आमच्या खोलीत चिठ्ठ्या टाकल्या. देवीच्या फोटोसमोर तांब्या, आत दोन चिठ्ठ्या. अक्षर चांगलं म्हणून चिठ्ठ्या मी लिहिल्या. वयाने मोठा म्हणून पहिली मी उचलली. चार नंबर आला. दुसरी शकूवहिनी उघडायला गेल्या, तर मी म्हणालो, कौल एकदाच वाचायचा असतो, दुसरी चिठ्ठी प्रसादाबरोबर पोटात घालायची असते. असा नियम मी कुठे ऐकला ते आठवत नाही. पेढ्यात घालून खाल्ली.
सखाराम म्हणाला, "देवीने सांगितलं ना गुण्या, मग मिटलं." आणि हात जोडले. शकूवहिनींनी पेढे तसेच ठेवले.
खरं तेवढंच लिहायचं असा संकल्प आहे म्हणून लिहितो. दोन्ही चिठ्ठ्यांवर चारच होतं. पण देवीच्या मनात नसतं तर तिने मला अडवलं असतं. नाही अडवलं.

१८ मार्च, मंगळवार
पोट बिघडलंय. कागद पचतो की नाही हे कोणाला विचारायचं? डॉक्टरांना नुसतं पोट दुखतं एवढंच सांगितलं. त्यांनी शुगर वाढल्याबद्दल झापलं.
सखाराम भाताची पेज घेऊन आला. समोर बसून संपवायला लावली.
संकल्प : उद्या सगळं सांगून टाकायचं.

१९ मार्च, बुधवार
तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यानेच सांगितलं की रात्री झोप छान लागते, निर्णयाचं ओझं गेलं. माणसाची झोप कशी मोडायची?

२३ मार्च, रविवार
बसने एकटाच गेलेलो. सखाराम नको म्हणाला, बघून झालंय. प्रीतमने विचारलं, आज दुसरे काका कुठे? मी म्हणालो, पाहुणे आलेत. श्रीखंड मला चालत नाही, तरी एक वाटी घेऊन समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली. वेटरने उचलून नेली.

३० मार्च, गुढीपाडवा
बुकिंग झालं. सूरजने सह्या केल्या. सिद्धेश एकटा आलेला, तेही आम्हाला सांगायला. म्हणाला, बाबा नाही म्हणतात. देवीने दक्षिणेचा दरवाजा दिला म्हणजे इथे येऊच नका असं तिचं सांगणं आहे. ते कल्याणला विनिताच्या शेजारी घर बघतायत. विनिता सखारामची मुलगी. जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सखारामला तीन पायऱ्यांवर दम लागतो.
बिल्डरच्या लोकांनी आम्हाला पुठ्ठ्याची मोठी चावी हातात देऊन फोटो काढला. प्रीतमने तीनदा काढला, कारण दर वेळी मी हसत नव्हतो.
आता यात माझा दोष काय? मी चार घेतला, पाच त्याला मोकळाच होता. नाही म्हणणारा तो.

५ एप्रिल, शनिवार
सखारामचं सामान टेम्पोत चढलं. मीही हातभार लावला. पाट वाहून नेला, मग अंगणात त्याच पाटावर बसून राहिलो. निघताना शकूवहिनी म्हणाल्या, "भावोजी, मनाला लावून घेऊ नका. चिठ्ठी काय तुमच्या हातात होती?"
मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही.
कोपऱ्याच्या खोलीला कुलूप लागलं. मालक म्हणाला, नवीन घरात जाईपर्यंत तुम्ही तिथे राहिलात तरी चालेल, वारा चांगला येतो. मी नको म्हणालो.

१३ एप्रिल, रविवार
मालनला सांगायचं ठरवलं. सुरुवात लांबून केली. म्हणालो, समजा एखाद्या माणसाच्या हातून नकळत... तिने वाटाणे सोलता सोलता विचारलं, "शुगर झाल्यापासून सहा वर्षं पेढ्याला हात लावला नाहीत. त्या दिवशीच कसा खाल्लात?"
म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. शेंगा संपल्या तरी ती माझ्याकडे बघत नव्हती.
रात्री वरण अळणी होतं. मी मीठ मागितलं नाही.

२१ एप्रिल, सोमवार
प्रीतमचा फोन. पाच नंबर अजून सिद्धेशच्या नावावर अडवून ठेवलाय. शनिवारी संध्याकाळी सोडून देणार, दुसरी पार्टी तयार आहे.
लगेच सखारामला फोन केला. मनात वाक्य तयार होतं. प्रत्यक्षात विचारलं, कल्याणला पाणी किती वेळ येतं? तो म्हणाला, बरं येतं. आवाजात धाप होती, नुकताच जिना चढलेला. पाच नंबरचं काढलं तर म्हणाला, देवीच्या शब्दापुढे जायचं नाही. मी फोन ठेवला.
हा सखाराम मुळातच हट्टी, खादाड आणि देवभोळा. कोणी काहीही सांगावं आणि याने विश्वास ठेवावा. अशा माणसाशी मैत्री म्हणजे जोखीम. माझ्याऐवजी दुसरा कोणी असता तर त्याने याला केव्हाच फसवलं असतं.
हे वाक्य आत्ता पुन्हा वाचलं.

२२ एप्रिल, मंगळवार
सखाराम, नमस्कार.
फोनवर जमत नाही म्हणून लिहितोय. चिठ्ठ्या लिहिताना माझ्याकडून थोडी गफलत झाली. चष्मा जवळ नव्हता आणि चार-पाच आकडे
वरच्या दोन ओळी सोडून दे. चष्मा होता. दोन्ही चिठ्ठ्यांवर मी चारच लिहिलं, नीट, चांगल्या अक्षरात. दुसरी कोणाला दिसू नये म्हणून पेढ्यात घालून खाल्ली. तू कळव्याच्या खोलीचं सांगितल्यावर आठवडाभरात केलं, म्हणजे मला सगळं माहीत होतं. देवी काहीच बोललेली नाही सखाराम. बोललो तो मी.
चार नंबर शकूवहिनींचा. आम्ही पाचमध्ये राहू. मालनची ना नाही, तिने पहिल्यापासून चार नंबर मागितलाच नव्हता. सूरजला काल जेवणानंतर सांगितलं. तो म्हणाला, नंबर बदलायचा फॉर्म असतो. आज ऑफिस सुटल्यावर घेऊन आला. सिद्धेशची सही तेवढी हवी.
तुला यायचं नसेल तर माझं काही म्हणणं नाही. म्हणायचा हक्क उरला नाही. पण न येण्याचं कारण देवी नको, मी असू दे.
हे पान डायरीतून फाडून पाठवतोय. दुसरा कागद घ्यायला उठलो असतो तर परत बसलो नसतो. मागच्या बाजूला कालचं लिहिलेलं आहे, तुझ्याबद्दल आहे, ते वाचू नकोस. वाचलंसच तर त्यातलं खादाड एवढंच खरं धर.
शकूवहिनींना तू सांग, माझ्याने त्यांच्यासमोर उभं राहवणार नाही. नाहीतर नको सांगू, मी येतो. तू म्हणशील तसं.
प्रीतम शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत थांबणार आहे. फोन कर, नाहीतर सिद्धेशकडे निरोप दे. नुसत्या शिव्या असल्या तरी चालतील, पण लवकर कळव.
गुणाजी