बसण्याच्या कामासाठी वकील

तीर्थस्वरूप भावोजींना धाकट्या मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरता, प्रत्यक्षात उभ्यानेच लिहितो आहे, हल्ली कुठे टेकायची धास्तीच घेतली आहे.) आपली कंबर कशी आहे? ताई तेल चोळून देते ना? मी ठीक आहे. नोकरी नाही, एवढं सोडलं तर मजेत आहे.

आपल्याला सगळं ठाऊकच आहे, तरी मन मोकळं करतो. खुर्च्यांच्या कारखान्यात मला आपणच चिकटवलंत. आपण तिथले मॅनेजर; माझं एवढं वजन वाया जायला नको म्हणालात आणि तयार खुर्च्यांवर बसून त्या तपासायचं काम दिलंत. मी इमानेइतबारे बसलो. पुढे रेललो, मागे रेललो, कुरकुरली की खडूने फुली मारली. मग थोरले मालक घरी बसले, चिरंजीव आले, आणि पहिल्याच फेरीत मी त्यांना बसलेला दिसलो. कामाच्या वेळी बसून राहतो म्हणून त्यांनी मला तिथल्या तिथे काढलं. आपण तेव्हा शेजारी उभे राहून पंख्याकडे बघत होतात. (पंखा बंद होता.) असो.

वकील करायचं ठरवलं. आपल्याकडे दात उपटायलासुद्धा ओळखीचा माणूस लागतो, म्हणून आधी काकांच्या ओळखीच्या वकिलांकडे गेलो. ते निघाले घटस्फोटवाले. मी म्हटलं, इतकी वर्षं निष्ठेने राहिलो आणि एका दिवसात घराबाहेर काढावं तसं काढलं. त्यांनी मुलं किती ते विचारलं. मी कारखान्याबद्दल बोलतोय हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत ते पोटगीपर्यंत पोचले होते. दुसरे मात्र नोकरीच्याच खटल्यांतले, नावाजलेले. त्यांनी पाठीवर हात ठेवला, चहा मागवला, कारखान्याचं नाव ऐकलं आणि चहा परत पाठवला. ते तुमच्याच कारखान्याचे वकील. आपण माझा फोन उचलला असतात तर हा हेलपाटा वाचला असता.

शेवटी ओळखबिळख बाजूला ठेवली आणि शिंप्याच्या दुकानावरची वकिलाची पाटी वाचून जिना चढलो. वकीलबाई तरुण, पण आवाज असा की आपोआप शर्टाचं बटण लावावं. बसा म्हणाल्या. बसलो. खुर्ची डावीकडे कलत होती हो. माझ्याने राहवेना, उठलो, तिला पालथी घातली, पाय हलवून पाहिला आणि खिशातल्या खडूने फुली मारली. मग दुसरी घेतली. तिलाही फुली. बाई नुसत्या बघत होत्या. मी ओशाळून उभा राहिलो तेव्हा म्हणाल्या, "तिथे हेच काम करत होतात का?" मी हो म्हटलं आणि काय सांगू, रडूच आलं. इतके दिवस घरीदारी सगळे मला आळशी म्हणत होते. माझ्या बसण्याला काम म्हणणारं माणूस पहिल्यांदा भेटलं. वकीलपत्रावर लगेच सही केली. तीही उभ्यानेच, कारण बिनफुलीची खुर्ची एकच होती आणि तिच्यावर त्या बसल्या होत्या.

ताईला नमस्कार सांगा. कंबरेला जपा, वाकून काही उचलू नका.

आपला,
धाकटा मेव्हणा (तूर्त बेकार)

ता. क. कारखान्याच्या मॅनेजरला एक ओळही लिहायची नाही, असं वकीलबाईंनी बजावलं आहे. मी मॅनेजरला लिहीत नाही, भावोजींना लिहितो आहे. हा फरक त्यांना पटला नाही. आपल्याला पटेल.

ता. क. दुसरा. बसणं हेच माझं काम होतं, हे सांगणारा साक्षीदार लागतो. मी आपलं नाव दिलं आहे. मला बाकी काही नको, माझी नोकरी परत हवी. ताईने विचारलं होतं, तुला काढलं तेव्हा हे कुठे होते? मी सांगितलं, गोदामात होते, समोर असते तर गप्प राहिले नसते. ती म्हणाली, ते मला सांगायला नको.