पाहुण्यांसाठी भरलेली दुकानं

ती. ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार.

शाळेत मी कविता म्हणताना तू बाकावर फूटपट्टीने ठेका धरायचीस, तो ठक-ठक आवाज आज सारखा कानात घुमतोय. माझी तब्येत उत्तम आहे, जेवणही व्यवस्थित जातं. काळजी करू नकोस.

पण ताई, काल मी हादरलोच. वस्तीतल्या छोट्या दुकानदारांना हात देणारी आमची संस्था तुला ठाऊक आहे. तिला अनुदान द्यावं का, हे बघायला एक बाई येऊन गेल्या होत्या. पाहुण्यांना रिकाम्या फळ्या कशा दाखवायच्या, म्हणून सगळ्यांनी व्यापाऱ्याकडून उसना माल आणून दुकानं गच्च भरली. मीही स्वागताला कविता म्हटली, तीही भरल्या घराची! काल निरोप आला, "तुमचं छान चाललंय. अनुदान गरजूंना देऊ."

संस्थेच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या शिंपीणबाई मला म्हणाल्या, "आजोबा, भाड्याअभावी ही खोली गेली तर मशीन काय डोक्यावर घेऊन फिरू? आणखी म्हणा कविता!"

तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का?

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवणार, तोच संस्थेच्या दारावर ठक-ठक. अनुदानाच्या त्याच बाई! न कळवता, विसरलेली छत्री न्यायला आल्यात. आता दारातच वळून समोरच्या दुकानांच्या, उसना माल परत गेल्यावर पुन्हा रिकाम्या झालेल्या फळ्यांकडे बघत उभ्या आहेत. ताई, या वेळी कविता नाही, खरं तेच सांगतो.