आयाळ्याचा कोपरा

घनसावंगी,
४ एप्रिल

चि. कल्याणभाऊजी,
तुम्हा सर्वांना अनेक आशीर्वाद. रूपालीची कंबर आता कशी आहे? इकडे ऊन कडक झालं. पऱ्हाट्या उपटून झाल्या. हे गेल्यापासून भाकरी जास्तच होतात, हात अजून बदललेला नाही.

काल राधेश्याम नांगरटीला ट्रॅक्टर घेऊन आला. नाल्याकडच्या बोरीपाशी येऊन थांबला. म्हणाला, "वहिनी, वसंतादादा हितून वळवायला लावायचे. आता कल्याणभाऊंचा फोन आल्ता, सरळ घे म्हणाले. घालू का कोपरा नांगरात?"
मी म्हटलं, "भाऊजींना विचारते, मंग सांगते."

म्हणून हे पत्र. फोनवर मला नीट बोलता येत नाही.

तुमचं बरोबर आहे, तिथं कापूस येईल. आयाळ्या होता हे कोणी सिद्ध केलेलं नाही. कॉलेजचे सर ठसे बघून कोल्हा म्हणाले. कोल्ह्याएवढं जनावर, पण मानेवर घोड्यासारखी आयाळ, असं म्हातारी माणसं सांगायची. ह्यांनी लहानपणी ते त्या बोरीखाली पाहिलं, आणि गावाने ते नाव ह्यांनाच ठेवलं. लग्नात शेजारच्या चांगुणाबाईंनी मला विचारलं, "काय गं आयाळ्याची बायको, नवऱ्याला आयाळ हाय का न्हाई?" सगळ्यांत मोठ्याने हेच हसले होते.

उन्हाळाभर ते बोरीखाली मातीचं परळ पाण्यानं भरून ठेवायचे. सकाळी पाणी कमी दिसलं की खुशीत येऊन चहा मागायचे. कोण प्यालं, ते मी कधी विचारलं नाही.

तेव्हा चावडीवर तुम्ही "मी काहीच पाहिलं न्हाई" म्हणालात, हे मला गावाने सांगितलं. ह्यांनी कधीच नाही. दवाखान्यात मात्र एकदा म्हणाले, "कल्याण माझ्या मागंच व्हता. सदरा धरून राह्यल्ता माझा." मी म्हटलं, बोलावू का? तर म्हणाले, "नको. लहान व्हता तो. लोकं हसून राह्यले व्हते."

भाऊजी, पाहिलं नसेल तर तसं कळवा. राधेश्यामला सरळ घ्यायला सांगेन, मनात काही ठेवणार नाही. पण पाहिलं असेल, तर ते पाहिलेलं आता एकट्या तुमच्याकडेच उरलं आहे. मग एकदा या, आणि ट्रॅक्टर कुठून वळवायचा ते तुम्हीच दाखवा.

तोवर परळ मी भरते आहे.

तुमची वहिनी,
आयाळ्याची बायको,
दैवशाला