लेबलावरची बारीक ओळ

बाई,

तुमच्या शाळेत मी आयुष्यात एकदाच आले, आणि आले तीही भांडायला. तुमच्याविरुद्ध खोटी तक्रार झाली, तुमची बदली झाली, त्या तक्रारीवरचा अंगठा माझा होता. तेवढं तुम्हाला माहीत होतं. त्याच्या मागचं माहीत नव्हतं, आणि ते सांगायला मी तुम्ही वारल्यावर दहा-बारा वर्षांनी बसले आहे. मला अक्षर येत नाही, म्हणून नात लिहून राहिली आहे. माझं ‘मले’ ती परस्पर ‘मला’ करते. म्हणते, आजी, चिठ्ठी बाईंना आहे ना, मग नीट जाऊ दे. करू दे. तुमच्यासमोर नीट बोलायची अक्कल तेव्हाच यायला पाहिजे होती.

इतवारीच्या मागच्या गल्लीत शरबताचा कारखाना होता. कारखाना कसला, टिनाचं छप्पर, आतल्या खोलीत भट्टी, आणि बाहेर ओसरीवर आम्ही सात बाया. मी लेबलं चिकटवायची. लेबलावर अर्धं कापलेलं संत्रं आणि त्याला एक हिरवं पान. पान वर ठेवलं की लेबल सुलटं लागतं, त्याला अक्षर कशाला पाहिजे? आठ वर्षांत माझ्या हातून एक लेबल उलटं लागलं नाही, याचा मला केवढा तोरा होता! झाकण वाकडं बसलेली बाटली शेठ कधीमधी घरी न्यायला देत. दारात ढिगानं संत्री विकणाऱ्या या गावात मी पाहुण्यांसमोर ते बाटलीतलं शरबत असं ठेवायची, जशी काही सारी संत्री मीच बसून पिळली आहेत.

आणि तिकडे तुम्ही चौथीच्या पोरांना घरून रिकामे डबे, पुडे, खोकी आणायला सांगत होता. माझी मुलगी घरी येऊन मला शिकवायची, ‘बाई म्हणतात, मोठं अक्षर आपोआप दिसते, म्हणून बारीक आधी वाचायचं.’ रिक्षावर भोंगा लावून मंजनवाला गल्लीतून गेला की ही दारात उभी. ‘आई, हा म्हणून राहिला ते खरं कशावरून? अन् राखुंडीनं आपले दात पडले का?’ मी म्हणायची, ‘तू वकील हो वं माय, मंजन राहू दे.’ आणि हसायची. दुसऱ्याच्या मालावर चाललं होतं तोवर मलाही मोठी गंमत वाटत होती.

संक्रांतीचं हळदीकुंकू. घर बायांनी भरलं आहे, मी पेले भरते आहे. शेजारीण मुलीला चिडवते, ‘वाच वं पोरी, तुह्या मायनं काय चिकटवलं ते.’ मुलगी बाटली फिरवते, संत्र्याच्या खाली बोट ठेवते आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचते, ‘यात फळाचा रस नाही.’ मग एकदम हसू. ‘अवं, आठ वर्षं झाले चिकटवून राहिली, अन् तुलेच माहीत नाही?’ नव्हतं माहीत, बाई. पण त्या रात्री मनात आलं, कारखान्यात मी संत्र्याचं एक साल कधी पाहिलं नव्हतं. सालं पाहायला कुठे अक्षर लागतं? डोळे तर होते.

दुसऱ्या दिवशी तुमच्या वर्गाच्या दारात उभी राहिले. भिंतभर वेष्टनं चिकटवलेली. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, ‘या, बसा. तुम्ही लेबलं लावता ना? मुलांना सांगता का, बाटली कशी तयार होते ते? मला नाही माहीत.’ तुम्ही खरंच विचारत होता, हे आज कळतं. तेव्हा वाटलं, पोरीनं घरी माझं हसं केलं, ही आता वर्गभर करणार. ‘तुम्ही पोट्ट्यांना मायबापाची इज्जत काढाले शिकवता,’ असं ओरडून मी निघून आले. चार आठवड्यांत तुमची बदली झाली, हिंगण्याच्याही पुढच्या खेड्यात. तुमचा एक पाय आधू, आणि तिथे मोटार दिवसातून एकदा जायची.

मुलगी माझ्याशी बोलेना. शेवटी मी तिला सांगितलं, शेठनं धमकावलं, अंगठा दे नाहीतर काम सोड. कागदात काय होतं ते मी अडाणी काय जाणू. तिनं मानलं. पुढे मोठी झाल्यावर ती तुम्हाला भेटून आली, तर तुम्ही तिला पहिलं काय विचारलंत? ‘आईचं काम टिकलं ना?’ ती डोळे पुसत सांगत होती आणि मी पोळ्या लाटत होते.

आज ती तिच्या पोरीला, ह्याच लिहिणाऱ्या नातीला, टीव्हीवरच्या जाहिरातीसमोर बसवून तुमच्यासारखीच विचारते, हा माणूस कोण, त्याला आपल्याकडून काय पाहिजे, आपल्याला ते लागतं का. पोरगी मला विचारते, आजी, तू काहून उठून जातेस?

तर ऐका. शेठनं धमकावलं नव्हतं. पोरीनं लेबलावरचं काय वाचलं ते त्याला मीच जाऊन सांगितलं, तर तो हसला, ‘लिहिलं आहे ना त्याच्यावर? मग झालं.’ कारखान्याच्या मुनीमजींना तक्रारीचा कागद लिहायला मी लावलं. तुम्ही शिकवत नाही, पोरांकडून कचरा वेचून घेता, हा मजकूरही माझाच. त्यांनी दोनदा वाचून दाखवला, तेव्हा मी अंगठा दिला. माझ्या आठ वर्षांच्या कामावर काय लिहिलं आहे, ते तुम्ही माझ्या पोरीला दाखवलं आणि मला नाही, एवढाच राग होता.

नातीनं लिहिणं थांबवून विचारलं. ‘आजी, हे आईले माहीत आहे?’

नाही. तुमचा पत्ता आता कोणापाशी नाही, म्हणून हा कागद कुठे जाणार नाही. पण मुलगी सहा वाजता कामावरून घरी येते. हे सांगून झालं की मी हा कागद नातीच्या हातून घेणार आहे. मुलीला द्यायचा की कमरेला खोचायचा, ते अजून ठरत नाही. साडेपाच झाले, बाई. भीती वाटते.