तळमजल्यावरची खोली

बाबा, बारा मे, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. माझ्या लग्नाच्या दिवशी, मुहूर्ताआधी, मावशी पिशवी उचलून स्टेशनवर निघून गेली. आपल्या कारखान्याच्या टाउनशिपची रीतच होती, कुणाकडे लग्न निघालं की शेजारी आपापल्या क्वार्टरच्या किल्ल्या आणून द्यायचे आणि कोणता पाहुणा कुठे झोपणार याची यादी आपल्या दारावर लागायची. एका पायानं अधू असलेल्या मावशीला तुमच्या यादीनं तिसऱ्या मजल्यावर टाकलं, जिथं नळाला पाणी चढत नव्हतं. पहाटे तिनं स्वतः बादली वर नेली. तुम्ही म्हणालात, "अगं, एका रात्रीचा तर प्रश्न होता." ती म्हणाली, "पायऱ्या मोजल्यात मी, भाऊजी. पुन्हा नाही मोजत." आई रडली. तुम्ही मान खाली घातलीत आणि पुढे मरेपर्यंत त्यावर चकार शब्द काढला नाहीत.

आता तुमच्या नातीचं लग्न आहे, आणि शहाऐंशी वर्षांची मावशी नागपूरहून येते म्हणाली आहे. त्यानंतर पहिल्यांदाच. टाउनशिप कधीच सुटली, किल्ल्या आणून देणारं आता कुणी नाही. नव्या शहरातला, बिट्टन मार्केटजवळचा माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचा. म्हणून काल लेकीला घेऊन जुन्या शहरात दोन हवेल्या पाहिल्या, लहान हॉटेलं केलेल्या. पहिलीला तलावाकडे उघडणारे झरोके, कोरीव कमानी आणि गुडघाभर उंचीच्या पायऱ्या. खाली एकच खोली. लेक म्हणते, "आई, ती सासरच्या काकांना द्यावी लागेल. मुलाकडचे आहेत ते." हे काका रोज पाच किलोमीटर चालतात आणि आल्यागेल्याला ते सांगतात! मालक अदबीनं म्हणाला, "मैडम, अम्माँ को कुर्सी पे बिठाके दो आदमी उठा लेंगे." मी म्हटलं, "मेरी मौसी हैं, अलमारी नहीं." लेक शरमेनं लाल.

दुसरीत सगळ्या खोल्या अंगणाच्या पातळीला, पण भिंतींना ओल आणि ऐन समोर पाण्याची टाकी. "फोटोत टाकीच येईल," लेक फणफणली. मी नळ सोडून पाहिले, उंबरठे पावलानं मापले, परत पहिलीकडे गेले, परत इकडे आले. रिक्षावाल्यानं विचारलं, "अम्माजी, शादी आज ही है क्या?" शेवटी टाकीवाली ठरवली. लेक कालपासून माझ्याशी बोलत नाही.

आज सकाळी मावशीला फोन केला. खोली खालची आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "बापावर नाही गेलीस बाई तू."

बाबा, तुम्ही तिला तळमजलाच दिला होतात. यादी सुवाच्य लिहून काढायला माझ्याकडे आली, आणि त्या खोलीत मी माझ्या कॉन्व्हेंटच्या मैत्रिणी घातल्या. मावशीचं नागपुरी बोलणं त्यांच्या कानांवर पडू नये म्हणून तिला वर ढकललं. हे तुम्हाला त्या सकाळी कळलं होतं. मग माझं नाव का घेतलं नाहीत? तुम्हाला असं गप्प राहायला सांगितलं कुणी?

मावशीची गाडी गुरुवारी दुपारी बाराला येते. तिला सांगू की नको, याचं उत्तर त्याआधी मला लेखी हवं. नाही आलं, तर मी आणखी एकदा तुमच्याच आड लपेन, हे मला पक्कं ठाऊक आहे.