दोन घोड्यांमधली वाट

प्रिय ओर्नेला,

आधी काळजीचं सांगून टाकतो. तुझे बाबा अगदी ठणठणीत आहेत. काल संध्याकाळी सव्वापाचच्या गाडीत मीच त्यांना बसवून दिलं. खिडकीजवळची जागा मिळाली, बॅग वरच्या फळीवर ठेवली आणि रक्तदाबाच्या गोळ्या कोटाच्या डाव्या खिशात आहेत याची दोनदा खात्री करून घेतली. ते तुला भावाकडे जेनोव्हाला जातो म्हणून सांगून निघाले होते. तिकडे ते गेलेच नाहीत. रविवारी दुपारी दुकानात मी भट्टीतून ताट काढत होतो आणि समोर काउंटरपाशी ते उभे. टोपी हातात, मफलर गळ्यात. मी ताट कसंबसं टेबलावर ठेवलं, नाहीतर चाळीस पेस्ट्र्या जमिनीवर गेल्या असत्या. ते म्हणाले, "घाबरू नकोस, भांडायला आलेलो नाही. पोरगी तीन आठवडे धड जेवत नाही. तू तिचा फोन घेत नाहीस. मी कारण बघायला आलोय. आणि एवढ्या लांब आलोच आहे, तर तुमचं नेपल्सही दाखव."

कारण तुला माहीत आहे असं तुला वाटत असेल. तू चार वेळा माझ्या शाळेचा दाखला मागितलास. तुमच्या बेर्गामोच्या त्या हॉटेलात मला नोकरी लागावी, मग वसंतात लग्न व्हावं, म्हणून तू सगळी धावपळ केलीस, आणि मी दाखल्याऐवजी तुला समुद्राचे फोटो पाठवत राहिलो. पुढे तेही जमेना, तेव्हा फोन वाजला की मी तो पिठाच्या पोत्यामागे ठेवू लागलो. माझं मन बदललंय, असं तुला वाटलं. तुझ्या बाबांनाही तसंच वाटत होतं.

रविवारी रात्री मी पेस्ट्रीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर यादी केली. काय पाहायचं, किती वाजता, कुठून कुठं चालायचं, मध्ये बसायला बाक कुठं आहे, सगळं लिहिलं. माझी आई मागे उभी राहून सांगत होती, "उत्तरेकडची माणसं कमी बोलतात. तूही कमी बोल. आणि त्यांना भूक लागू देऊ नकोस, भुकेला माणूस जास्त प्रश्न विचारतो." सकाळी बाबांनी यादी वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. "मी मोजणी खात्यातला माणूस," म्हणाले, "मला यादी चालत नाही. नकाशा दे."

आधी चॅपलमधल्या त्या चादरीने झाकलेल्या ख्रिस्ताच्या पुतळ्याकडे गेलो. तुला आठवतं, तू तिथे माझा हात घट्ट धरला होतास. अंगावरची चादरसुद्धा संगमरवराचीच आहे हे बाबांना पटेचना. चारही बाजूंनी वाकून पाहिलं. शेवटी म्हणाले, "दगड इतका पातळ?" मी म्हटलं, आमचे मालक पेस्ट्रीचं पीठ असंच ओढतात, खालचं लाकूड दिसेपर्यंत. ते पहिल्यांदा हसले. मग सहज विचारलं, "हे सगळं शाळेत शिकवलं का तुम्हाला?" मी म्हटलं, पुढे चला, उशीर होईल. सांता किआरा मठाच्या अंगणात रंगीत फरशांचे खांब त्यांनी पावलांनी मोजले आणि एका ठिकाणी अंतर चुकलंय म्हणाले. समुद्रातल्या किल्ल्यासमोर मी त्यांना सांगितलं की याच्या पायात एक अंडं ठेवलंय, ते फुटलं की गाव बुडालं. ते कठड्यावरून वाकून किल्ल्याचा पाया बघू लागले. "आणि एवढ्याशा अंड्यावर बांधकामाला परवानगी दिली कोणी?" ओर्नेला, मी इतक्या दिवसांनी हसलो. हा माणूस मला आवडू लागला होता, आणि तेच अवघड होतं.

दुपारी राजवाड्यासमोरच्या चौकात आलो. तिथली आमची खोड तू पाहिली आहेस. वाड्याच्या दारात डोळे बांधायचे आणि समोरच्या दोन घोडेस्वार पुतळ्यांच्या मधून पलीकडे जायचं. मध्ये अंतर एवढं की बस जाईल, पण जमत कुणालाच नाही. फरसबंदीला उतार आहे, तो डोळ्यांना दिसत नाही, पण पायांना ओढतो. बाबांना हे सांगायची मला दुर्बुद्धी झाली. "चाळीस वर्षं जमिनी मोजल्यात मी," म्हणाले, "सरळ रेघ मला शिकवू नकोस." मफलर डोळ्यांना बांधून ताठ मानेने निघाले. वीस पावलं ठीक, मग हळूहळू डावीकडे, मग फारच डावीकडे. फुगेवाला ओरडला, "अहो मामा, तिकडं समुद्र आहे! पोहता येतं ना?" बाबांनी मफलर काढला, घोडे कुठे आहेत ते पाहिलं आणि म्हणाले, "चौक वाकडा आहे." फुगेवाला म्हणाला, "सगळे हेच म्हणतात. चौक मात्र अजून तिथंच आहे." मग बाबांनी मफलर माझ्या हातात दिला. "चल, आता तू. मी मागून येतो."

डोळे बांधले आणि मला एकदम धीर आला. त्यांचा चेहरा दिसत नव्हता. चार पावलं टाकली आणि मी बोलायला लागलो. मोठ्याने, न थांबता, सगळं. बोलून संपलं तेव्हा थांबलो. मागून काहीच आवाज नाही. मी मफलर काढला. मी उजवीकडच्या कमानीपाशी पोहोचलो होतो, समोर दोन नन आणि तो फुगेवाला. बाबा पार मागे, वाड्याच्या पायरीवर बसून बुटातला खडा काढत होते. फुगेवाल्याने छातीवर हात ठेवला. "पोरा, माझ्याकडून तुला माफी. पण सासरा तिकडं बसलाय." आणि मी त्याचं तोंड दाबायच्या आत त्याने हाक मारली, "ओ मामा, इकडं या! तुमचा जावई फार चांगलं बोलतो, पण त्याला पुन्हा सांगावं लागणार!"

मग पुन्हा सांगितलं, या वेळी उघड्या डोळ्यांनी. तेच आता तुला सांगतो. माझ्याकडे दाखला नाही. मी नववी अर्ध्यातच सोडली. वडील बांधकामाच्या परांचीवरून पडले, कमरेतून अधू झाले, आणि चौदाव्या वर्षी मी भट्टीवर लागलो. हॉटेलकाम शिकवणाऱ्या शाळेचा तीन वर्षांचा डिप्लोमा मी तुला सांगितला, तो कधी नव्हताच. पहिल्याच दिवशी, दुकानात, तू शाळेत शिकवतेस म्हणालीस, आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. त्यानंतर रोज ते मागे घ्यायचं ठरवलं आणि रोज नाही घेतलं.

बाबांनी सगळं ऐकलं. मग एवढंच म्हणाले, "माझ्या बापाला सही येत नव्हती. आम्ही त्यापायी त्याला कमी लेखलं नाही कधी. पण माझ्या पोरीला तीन आठवडे रडवलंस, ते मला आवडलं नाही." संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र आईने तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा म्हणाले, "याला वाढा. सकाळपासून याने काही खाल्लं नाही." आईने माझ्याकडे पाहिलं आणि हातरुमालाने डोळे पुसले. मी सगळं सांगून टाकलंय हे तिला कळलं होतं.

मंगळवारी यादीत पुराणवस्तूंचं संग्रहालय होतं. जिना चढून वर गेलो तर दाराला कुलूप. मंगळवारी ते बंद असतं. पंचवीस वर्षं मी तिथून दहा मिनिटांवर राहतो आणि एकदाही आत गेलेलो नाही, हे बाबांच्या तेव्हा लक्षात आलं. ते पायरीवर टेकून इतके हसले की मला पाणी आणावं लागलं. "आणि मला तासाबरहुकूम गाव दाखवतोस!" मग डोळे पुसत म्हणाले, "तुझी शाळा मंगळवारी उघडी असते?"

असते. अकरा वर्षांनी मी त्या गल्लीत शिरलो. दाराशी अजून आसुंताबाईच बसतात, त्याच खुर्चीत, विणकाम घेऊन. मला वर-खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "साबातिनो! घंटा होऊन किती वेळ झाला! कुठं होतास?" मला हसावं की रडावं कळेना. बाबांनीच टोपी काढून विचारलं, की मोठ्या माणसांना इथं घेतात का. "घेतात की. संध्याकाळी सहाला. गवंडी येतात, दोन आज्या येतात. याला बाक लहान पडेल, एवढंच." आत जाऊन मी अर्ज भरला. प्रत्येक रकाना दोनदा तपासला. 'शेवटची इयत्ता' या रकान्यात खरं लिहिलं. लिहायला फार वेळ लागत नाही, ओर्नेला. मला वाटत होतं हात उचलणार नाही.

स्टेशनवर मी बाबांना म्हटलं, हे तिला तुम्हीच सांगा, तुमचं ती ऐकेल. ते म्हणाले, "मी तिला ख्रिस्त सांगेन, किल्ला सांगेन, आणि तो वाकडा चौक सांगेन. तुझं तू सांग. आणि फोनवर नको, फोनवर तू विषय बदलतोस. लिहून पाठव, म्हणजे तिला राग आला की पुन्हा वाचता येईल." म्हणून हे पत्र. काल रात्री मी सलग सात तास झोपलो, किती दिवसांनी ते सांगत नाही. सोमवारपासून वर्ग सुरू होतात. वसंतातलं लग्न वसंतातच राहील, पुढे जाईल, की राहणारच नाही, हे आता तू ठरव. मला जे लपवायचं होतं त्यातलं काही उरलेलं नाही. रागावलीस तरी फोन कर. पहिल्याच रिंगला उचलेन.

तुझाच, आता काही न लपवता,
साबातिनो